घरकुल मंजूर झालं, पण बांधायचं कुठं?

शाळा सुटायच्या वेळेला एका विद्यार्थ्याची आई फाटकाजवळ उभी होती. हातात घडी घातलेला कागद. "सर, मराठी में है, जरा पढ के बताओ." आम्ही वाचला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीत तिचं नाव आलं होतं. आम्ही मुबारकबाद दिली. तिच्या चेहऱ्यावर काही खुशी दिसली नाही. "वो तो मालूम है सर. पर बांधूं कहां? उतारा मांग रहे."

दोन खोल्यांत सासू-सासरे, तीन भाऊ, तिघांच्या बायका आणि मुलं. नवरा रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात कामाला. शेत कधी नव्हतंच. घराची जागा सासऱ्याच्या नावावर, तीही एवढीच की तिचे तीन हिस्से केले तर एकेकाला खाट टाकण्यापुरती. सरकारने पैसे मंजूर केले, पण ते टेकवायला जमीन नाही. त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचे कागद गोळा करतोय. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी रक्कम बघा. सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. वाळूच्या नव्या धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रास वाळू मोफत आहे. एवढ्या पैशात घर पुरं होत नाही हे गावातला कोणताही मिस्त्री सांगेल, पण निदान सिमेंट, वाळू, मजुरी, संडास, वीज या सगळ्याचा विचार केलेला दिसतो. विचार नाही तो फक्त एका गोष्टीचा. जमीन लाभार्थ्याने आणायची. म्हणजे जो सगळ्यात गरीब, ज्याच्याकडे जमीनच नाही म्हणून तो यादीत वर आला, त्यालाच सांगायचं की जमीन दाखव, मग हप्ता सोडतो.

आणि गंमत अशी की गावात सगळ्यात मोठा जमीनदार कोण, तर सरकार.

आपल्या वऱ्हाडात त्या जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात. बाकी महाराष्ट्रात गायरान, आपल्याकडे ई-क्लास. म्हातारी माणसं आजही 'ई-क्लासात गुरं गेली' असंच बोलतात. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी अशी जमीन चराई, सरपण, स्मशान, कब्रस्तान, गावठाण अशा कामांसाठी राखून ठेवू शकतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत ही नुसती गुरांची जमीन नाही, गावाच्या गरजेची जमीन आहे. कलम १२२ खाली गावठाणाची हद्दही तेच ठरवतात. गाव वाढलं की गावठाण वाढवायचं, ही कल्पना संहितेतच आहे.

पूर्वी ते होत असे. १९७१ मध्ये केंद्राने भूमिहीन मजुरांना घराची जागा देण्याची योजना आणली, १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात ती आली. आपल्या भागातल्या कितीतरी गावांत एखादं 'इंदिरानगर' किंवा 'नवी आबादी' असते, सरळ रेषेत आखलेले छोटे छोटे प्लॉट. ती त्या काळाची निशाणी. जागा आधी दिली, घर नंतर आलं. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास सुरू झाली आणि हळूहळू सगळं लक्ष बांधकामाच्या अनुदानाकडे गेलं. २०१६ मध्ये तिचीच प्रधानमंत्री आवास ग्रामीण झाली. अनुदान वाढत गेलं, पण आबादी वाढवायचं काम मागे पडलं ते पडलंच. ज्याला तेव्हा प्लॉट मिळाला त्याची आज तिसरी पिढी त्याच प्लॉटवर राहते.

मग भूमिहीनासाठी सरकारकडे काहीच नाही का? आहे. तीन वाटा आहेत. तिन्ही वाटांवर आम्ही ओळखीच्या माणसांना जाताना पाहिलंय, पोचताना फार थोडे.

पहिली वाट विकत घेण्याची. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना, २०१५ पासूनची. ५०० चौरस फूट जागेसाठी ५० हजार रुपये मिळत, आता मर्यादा १ लाख आहे. भाग द्या. चौरस फुटाला २०० रुपये. अकोला-वाशिम रस्ता चौपदरी झाला, तेव्हापासून मेडशीसारख्या रस्त्यावरच्या गावात कोण या भावात बिनशेतीची जागा देणार? गावापासून आडबाजूला मिळेलही, पण तिथे पाणी नाही, रस्ता नाही आणि बाईमाणसाने रात्री यायचं कसं? शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा. एवढा छोटा तुकडा खरेदीखताने घ्यायचा तर नोंदणी अडायची. घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंत सूट देण्यात आली तीही अलीकडे. तोवर लोकांनी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून जागा घेतल्या, आणि तो स्टॅम्प घरकुलाच्या फायलीत चालत नाही.

दुसरी वाट, जिथे राहतो तीच जागा नावावर करून घेण्याची. ग्रामविकास विभागाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय काढला, ग्रामीण भागातली सरकारी जमिनीवरची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा. हेतू 'सर्वांसाठी घरे २०२२' हाच होता. चांगला निर्णय, आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात तारीख आहे, १ जानेवारी २०११. त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा पाहिजे. घरपट्टीची पावती, लाइट बिल, मतदार यादी, गाव नमुना १-ई मधली नोंद. १-ई म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही. आता त्या बाईचा नवरा २०११ मध्ये शाळेत होता. त्याने अतिक्रमण कधी केलंच नाही, बापाच्या घरात राहिला, नियमाने वागला. म्हणून तो अपात्र. ज्याने तेव्हा चार काठ्या रोवल्या तो पात्र. मुलांना प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या माणसाने हे कसं समजावून सांगायचं?

वनजमिनीवर बसलेल्यांची तर गोष्टच वेगळी. मेडशीच्या आजूबाजूला जंगल आहे, आणि वनखात्याच्या जमिनीला हा निर्णय लागत नाही.

याच वाटेवर कोर्टाचा दगड आहे, आणि त्याबद्दल आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असा आदेश सगळ्या राज्यांना. त्यावरून महाराष्ट्राने १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला आणि गायरानावर कुलूप लागलं. तेव्हापासून कोणत्याही कार्यालयात जा, उत्तर ठरलेलं: "कोर्टाने बंदी केली आहे." पण निकाल शेवटपर्यंत वाचा. न्यायालयाने अपवाद ठेवलाय. सरकारच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा तिथे आधीच शाळा, दवाखाना वगैरे सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येईल. ज्यांनी तळी बुजवून बंगले बांधले त्यांच्यासाठी तो निकाल होता. भूमिहीनाला घरापुरती जागा द्यायचीच नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण निर्णय घेण्यापेक्षा बंदी सांगणं सोपं.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, तेव्हा सरकारने आकडे दिले. राज्यात गायरान सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर. त्यातलं अतिक्रमण सुमारे १० हजार हेक्टर. बांधकामं सुमारे २ लाख २२ हजार. वर्षअखेर सगळी काढू असं सांगितलं गेलं, नोटिसा निघाल्या आणि राज्यभरातल्या वस्त्यांत रडारड झाली. बातम्यांत फक्त दोन लाखांचा आकडा गाजला. आम्ही तो फळ्यावर मांडून पाहिला. १० हजार हेक्टरला २ लाख २२ हजारांनी भागलं तर एका बांधकामामागे साधारण ४५० चौरस मीटर येतात, म्हणजे पावणेपाच हजार चौरस फुटांच्या वर. कोणती झोपडी एवढी असते? आपल्या लोकांची घरं ३००-४०० फुटांच्या पुढे जात नाहीत. म्हणजे या १० हजार हेक्टरात शेती आहे, गोडाऊन आहेत, कुणाच्या संस्था आहेत, ढाबे आहेत, आणि मध्ये कुठेतरी गरिबांची घरं आहेत. त्या सगळ्या २ लाख २२ हजारांना प्रत्येकी ५०० फूट दिले तरी हिशेब १ हजार हेक्टरच्या आसपास जातो. जेवढ्यावर अतिक्रमण आहे त्याचा दहावा हिस्सा, आणि एकूण गायरानाचा पाव टक्का! उरलेले नऊ हजार हेक्टर सरकारने खुशाल मोकळे करावेत, गुरं चारावीत, झाडं लावावीत. आमची हरकत नाही.

गुरांचा विषय निघाला म्हणून एक सांगू. गायरान वाटून टाका, असं आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडे शेत नाही त्याच्या चार शेळ्या गायरानावरच जगतात. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बेवा बायांचं घर बकऱ्यांवर चालतं. सगळं गायरान घरांखाली गेलं तर पहिला फटका त्यांनाच. पण आकडा बघा ना. गावात शंभर भूमिहीन कुटुंबं धरली, प्रत्येकाला ५०० फूट, तर ५० हजार फूट, म्हणजे सव्वा एकरही होत नाही. रस्ते, नाल्या, अंगणवाडी, पाण्याची टाकी धरून दुप्पट करा. अडीच एकर. एक हेक्टर. शंभर घरांची अख्खी आबादी एका हेक्टरात बसते. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेलाय, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. त्यासाठी जमीन सापडली, मोजली, घेतली, पैसे दिले आणि रस्ता पूर्णही झाला. एका हेक्टराचा प्रस्ताव मात्र वर्षानुवर्षं टेबलावरून टेबलावर जातो.

हीच तिसरी वाट, गावठाण विस्ताराची. आमच्या मते खरी वाट हीच. आणि हीच सगळ्यात ओसाड. कारण इथे एकट्याने अर्ज करून भागत नाही. ग्रामसभेचा ठराव पाहिजे, मोजणी पाहिजे, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाहिजे. गावाने मिळून मागायची गोष्ट आहे.

इथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो. तो बाजूला ठेवून लिहिलं तर हा लेख अर्धाच राहील.

वऱ्हाडातले मुसलमान बहुतेक बाजाराच्या गावांत राहतात. फळं, बांगड्या, मटण, गॅरेज, हमाली, शेतमजुरी. जमिनीशी नातं कमी, म्हणून सातबाराही कमी. घरकुलाच्या योजना जातवार आहेत. अनुसूचित जातीसाठी रमाई, जमातीसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि २०२३ पासून ओबीसींसाठी मोदी आवास. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत, म्हणजे मोदी आवासमध्ये त्या बसतात. पण दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. बिरादरी लिहायची गुरुजींना गरज वाटली नाही. आज त्या एका शब्दावर घर अडतं. प्रधानमंत्री आवासमध्ये अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के राखून ठेवायची तरतूद आहे, इंदिरा आवासच्या काळापासून, २००६ च्या पंधरा कलमी कार्यक्रमातून आलेली. पण राखीव हिस्सा पैशाचा आहे, जमिनीचा नाही.

आणि दोष सगळा सरकारचा, असंही नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेच्या तारखा ठरलेल्या. आपल्यातले किती जण जातात? शादीखान्यासाठी निधी मागायचा असला की नेत्याच्या दारात आपण पन्नास-शंभर माणसं जमतो, फोटो काढतो. शादीखाना पाहिजेच. पण ज्या घरातली मुलगी शादीखान्यातून निघून दहा माणसांच्या दोन खोल्यांत जाणार, त्या खोल्यांसाठी कधी मोर्चा निघाला का? कब्रस्तानच्या जागेसाठी आपण एक होतो. जिवंत माणसाच्या जागेसाठी का होत नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. रागावू नका, आम्हीही त्याच गर्दीत होतो.

एक अडचण मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण स्वतः केलं नसलं, कुटुंबातल्या माणसाने केलं आणि तुम्ही त्या घरात राहता, तरी अपात्रता लागते. नियमामागचा हेतू समजतो, सत्तेचा वापर करून जमीन लाटू नये. पण परिणाम असा की गायरानावरच्या वस्तीतली बाई निवडून आली तरी विरोधकाच्या एका अर्जाने घरी बसू शकते. म्हणजे ज्यांना जागेची सगळ्यात जास्त गरज, त्यांचाच माणूस ठराव मांडायला पंचायतीत नसतो.

बुलडोझरबद्दलही दोन शब्द. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती गवई आणि विश्वनाथन यांच्या पीठाने, निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, १५ दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडता येणार नाही, असं सांगितलं. न्यायमूर्ती गवई आपल्या अमरावतीचे, त्यामुळे इकडे तो निकाल फार वाटला गेला. पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, फूटपाथ, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाला हे संरक्षण नाही. गायरानावर राहणाऱ्याने व्हॉट्सॲपवरच्या त्या मेसेजवर भरवसा ठेवून निर्धास्त झोपू नये. संरक्षण कागदाने मिळतं.

हे सगळं होऊच शकत नाही असं नाही. मुंबईत बघा. वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी सरकारी जमिनीवर कामगारांसाठी बांधल्या गेल्या, १६० फुटांच्या खोल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेत ते. धारावीतल्या अपात्र रहिवाशांच्या भाड्याच्या घरांसाठी २५५ एकरांच्या वर मिठागराची जमीन देण्याचं ठरलं, त्यावर वाद आहेत, पण जमीन सरकारनेच काढली ना? तिथे जमीन दिली तर वरच्या बांधकामातून कुणाला तरी नफा निघतो. मेडशीत एक हेक्टर दिलं तर त्यातून फक्त शंभर घरं निघतात. फरक एवढाच आहे असं आम्हाला वाटतं.

ओडिशाने २०१७ मध्ये कायदा करून शहरांतल्या झोपडपट्टीवाल्यांना जमिनीचा हक्क दिला. मुलाबाळांना वारशाने जाईल, पण विकता येणार नाही. आमच्या दृष्टीने ही अट सोन्यासारखी आहे. कारण आपल्याकडे पट्टा मिळाला की दोन वर्षांत सावकाराकडे किंवा जावयाच्या धंद्यात जातो, हेही आम्ही पाहिलंय. नवराबायकोच्या दोघांच्या नावावर, विकायची सोय नाही, अशा पट्ट्याची मागणी करायला पाहिजे. केरळने 'लाइफ मिशन'मध्ये ज्यांच्याकडे घर नाही आणि जमीनही नाही, त्यांचा गटच वेगळा काढला. आपल्या राज्यात भूमिहीन लाभार्थी त्याच एका यादीत 'जागा उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन पडून राहतो, आणि उद्दिष्ट पूर्ण करायचं म्हणून खालच्या जागावाल्याचं नाव वर सरकतं.

२०२४ पासून घरकुलाचा दुसरा टप्पा सुरू झालाय, महाराष्ट्राला लाखो घरं मिळाली. एवढ्या मोठ्या संख्येने घरं पुन्हा कधी येतील, सांगता येत नाही. म्हणून घाई.

त्या बाईला आम्ही काय सांगितलं? आधी सासऱ्याच्या घराची जुनी घरपट्टी शोध. जातीचा दाखला नसेल तर आजोबांच्या शाळेचा दाखला काढायला लाव. दीनदयाळ योजनेचा अर्ज टाकून ठेव, जागा मिळो न मिळो, अर्जाची पोच पाहिजे. आणि मोहल्ल्यातल्या ज्या ज्या घरांचं नाव यादीत आहे पण जागा नाही, त्यांची नावं एका वहीत लिहून आण. चौथीतल्या मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं फाडून तिने यादी आणली. तेवीस नावं, त्यातली नऊ आपल्या समाजाबाहेरची. मातंग समाजातली दोन, एक परीट, बाकी कुणबी आणि माळी. हे तिनेच केलं, आम्ही सांगितलं नव्हतं. "उनका भी तो वही हाल है सर."

गावठाण विस्ताराचा अर्ज आम्ही मराठीत लिहून दिला. खाली तेवीस सह्या आणि अंगठे आहेत. येत्या ग्रामसभेत तो वाचायला कोण उभं राहणार यावर अजून चर्चा चालू आहे. शिक्षक म्हणून आम्हाला त्यात पडता येत नाही. ती म्हणते, मी वाचते, फक्त अक्षर मोठं काढून द्या.